अर्ध्या सेकंदाचा धागा, सहा महिन्यांचा कापूस

रुईची एक गाठ 170 किलोची. क्विंटलभर कापूस जिनिंगमधून निघाला की साधारण 34 किलो रुई हाती येते, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. मलकापूरच्या बाजारात येणारा हा कापूस जूनच्या पावसावर पेरलेला असतो आणि शेवटची वेचणी होईपर्यंत पाच-सहा महिने सहज जातात.

आता तेवढ्याच, 170 किलो पॉलिएस्टरचा हिशेब मांडू. पॉलिएस्टर ही रेणूंची लांबलचक साखळी आहे आणि तिच्या एका कडीचा रेणुभार 192. कडीचा एक भाग ग्लायकॉलचा असतो. ग्लायकॉल इथिलीनपासून बनते आणि इथिलीनचा रेणुभार 28. म्हणजे 170 किलोमागे सुमारे 25 किलो इथिलीन. दुसरा भाग पॅराझायलीनपासून येतो, त्याचा रेणुभार 106, म्हणजे सुमारे 94 किलो. उरलेले वजन ऑक्सिजनचे. हे कागदावरचे किमान आकडे झाले, कारखान्यात थोडे जास्तच लागते. पण यातले इथिलीन ज्या भट्टीत जन्माला येते, तिथे एकेक रेणू अर्धा सेकंदही थांबत नाही.

कच्च्या तेलात इथिलीन जवळपास नसतेच. तेल तापवून ऊर्ध्वपातन केले की पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगवेगळे होतात. हे काम जिनिंगसारखे आहे: रुई आणि सरकी आधीच होती, यंत्राने ती अलग केली. इथिलीनसाठी मात्र मुळातला रेणूच तोडावा लागतो. त्याला क्रॅकिंग म्हणतात.

तोडण्याची एक रीत निव्वळ उष्णतेची. ऊर्ध्वपातनातून निघालेला तेलाचा हलका भाग, म्हणजे नाफ्था, वाफेत मिसळून भट्टीतल्या नळ्यांतून सोडतात, तापमान 800 ते 850 अंश सेल्सिअस. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे 347 किलोज्यूल लागतात, कार्बन-हायड्रोजन बंधाला सुमारे 413. म्हणून आधी कार्बनची साखळी तुटते. तुटलेल्या टोकाला एक सुटा इलेक्ट्रॉन राहतो, आणि असे टोक स्वस्थ बसत नाही. त्याच्या शेजारून दोन-दोन कार्बनचे तुकडे सुटत जातात. तो दोन कार्बनचा तुकडा म्हणजेच इथिलीन. आणखी क्षणभर थांबले तर तेही करपून काजळी होईल, म्हणून भट्टीबाहेर पडताच वायू झटक्यात थंड करतात. सगळे कौशल्य या घाईत आहे. एवढे करूनही नाफ्थाच्या वजनाच्या जेमतेम 30 टक्के इथिलीन मिळते. इथेन वायू वापरला आणि न तुटलेला पुन्हा भट्टीत घातला, तर हे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास जाते.

हा उद्योग देशात महाराष्ट्रातूनच सुरू झाला. 1966 मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला पहिला नाफ्था क्रॅकर, 1968 मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिल कंपनीचा. पुढे मुंबई हायच्या वायूवर नागोठण्याचा गॅस क्रॅकर उभा राहिला. 1982 मध्ये पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला.

दुसरी रीत उत्प्रेरकाची, आणि मला तिचेच आश्चर्य अधिक वाटते. मुंबईत माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत जड तेल तोडतात ते 530 अंशांच्या आसपास, म्हणजे भट्टीपेक्षा तीनशे अंश कमी. कारण सोबतीला झिओलाइट या उत्प्रेरकाची पूड असते. तिचा कण सरासरी 70 मायक्रॉनचा, आणि कणातली भोके मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान, 0.74 नॅनोमीटर. खालून वायू सोडला की ही पूड पाण्यासारखी वाहू लागते. तेलाची वाफ आणि पूड उभ्या नळीतून दोन-तीन सेकंदांत वर जातात. तेवढ्यात पुडीवर काजळी धरते आणि तिचे काम मंदावते. मग तीच काजळी शेजारच्या पात्रात सुमारे 700 अंशांवर हवेत जाळतात. पूड पुन्हा स्वच्छ होते आणि तापलेली परत येते. तेल तोडायला लागणारी उष्णता तीच घेऊन येते.

इथे रेणू तुटतो तो पुडीमुळे त्याच्यावर आलेल्या धनभारामुळे. हा भार साखळीवर सरकत सोयीच्या कार्बनवर बसतो, त्यामुळे तुकडे दोनऐवजी तीन आणि चार कार्बनचे पडतात. घरातल्या 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये भरतात त्या गॅसचा एक भाग याच तुकड्यांचा. ज्या बायकांनी चुलीचा धूर सोसला, त्यांना या पुडीचे मोल सांगायला नको.

पॅराझायलीनची गोष्ट आणखी वेगळी. झायलीनचे तीन भाऊ एकाच वजनाचे, पण पॉलिएस्टरला त्यांतला एकच चालतो. उरलेल्यांची मांडणी बदलून तो घडवायचा, तर पुन्हा झिओलाइटच लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात ‘एन्सिलाइट’ नावाचा असा देशी उत्प्रेरक घडवला, आणि तो बडोद्याच्या कारखान्यात चालला.

2022 मध्ये जगातल्या एकूण धाग्यात पॉलिएस्टर सुमारे 54 टक्के होते, कापूस 22 टक्के. कापूस महागला की गिरणी मिश्रणात पॉलिएस्टर वाढवते, हे व्यापाऱ्याला पाठ आहे. शेतकऱ्याला मात्र आपण पाऊस आणि अमेरिकेचे पीक एवढेच सांगत राहतो. नाफ्थाचा भाव त्याला कोणी सांगत नाही. तो भाव बाजार समितीच्या फलकावर कापसाच्या भावाशेजारी लिहायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

शर्टाच्या कापडात 67 टक्के पॉलिएस्टर आणि 33 टक्के कापूस हे आपल्याकडचे नेहमीचे मिश्रण. 200 ग्रॅमचा शर्ट धरला तर त्यात 134 ग्रॅम पॉलिएस्टर, म्हणजे जेमतेम 20 ग्रॅम इथिलीन. आणि 66 ग्रॅम रुई, म्हणजे कताईतली घट सोडून सुमारे 195 ग्रॅम कापूस. दिवाळीनंतर मलकापुरात काट्यासमोर गाडी लावून उभ्या असलेल्या माणसाच्या अंगात बहुतेक वेळा हाच शर्ट असतो.