निरोपाचे गाणे

गाण्याच्या स्पर्धेत पहिला कोण आला हे गावभर होते. शेवटचा कोण आला, ते मात्र त्याच्या घरच्या माणसांनाही लवकर विसरायचे असते. पण तळाला राहिलेल्या एका गाण्याने स्वतःच्या देशातली राजवट उलथण्याची घटका भरल्याचा इशारा दिला, ही हकिगत मी आमच्या मडगावच्या मामांकडून ऐकली आणि तिच्या पाठीस लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

देश पोर्तुगाल. युरोपच्या पार पश्चिम टोकाचा. तसा आपल्याला दूरचा. पण आपल्या घरातले पाव, बटाटा, चावी आणि महिनाअखेरीस ज्याची वाट पाहायची तो पगार, हे सारे शब्द त्याच भाषेतून आलेले. आणि गोव्याचा साडेचारशे वर्षांचा संबंध तर सर्वांना ठाऊकच आहे.

युरोपातल्या नभोवाणी आणि दूरचित्रवाणी संस्थांनी १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी एक गीतस्पर्धा सुरू केली. तिचे नाव युरोव्हिजन. पहिले वर्ष सोडले, तर नियम साधा: प्रत्येक देशाने एक नवे गाणे पाठवायचे आणि दुसऱ्यांच्या गाण्यांना गुण द्यायचे. आपल्याच गाण्याला गुण देण्याची सोय नाही!

पोर्तुगाल या मेळ्यात प्रथम उतरला तो १९६४ साली, कोपनहेगनला. आंतोनियो काल्व्हारियो हा गायक ‘प्रार्थना’ या अर्थाचे गीत गायला. गुण मिळाले शून्य! त्याच रात्री एक मनुष्य फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका, असा फलक घेऊन थेट रंगमंचावर घुसला. सालाझार म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा. तेथे वर्तमानपत्रांवर सक्तीची तपासणी होती, गुप्त पोलिसांचा धाक होता, आणि १९६१ पासून आफ्रिकेतल्या वसाहती राखण्यासाठी युद्ध चालले होते. घरोघरची तरणी पोरे अंगोला, गिनी आणि मोझांबिकच्या रानात धाडली जात होती. सालाझारच्या मागून १९६८ साली मार्सेलो कायतानो सत्तेवर आला. पण युद्ध काही थांबले नाही.

आता १९७४ साल. स्पर्धा इंग्लंडातल्या ब्रायटन शहरी, ६ एप्रिलला. त्या रात्री स्वीडनच्या ‘आबा’ मंडळींनी मैदान मारले, ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. पोर्तुगालकडून पाउलो दि कार्व्हाल्यो ‘निरोपानंतर’ या अर्थाचे गीत गायला. गुण मिळाले तीन. आणखी तीन देशांच्या जोडीने पोर्तुगाल तळाला राहिला.

मामा पोर्तुगीज अमदानीत शिकलेले. त्यांनी मला या गीताचा अर्थ समजावून दिला. प्रेम सरले, माणूस निघून गेले, आता मागे उरलो तो मी कोण, अशी एका प्रियकराची व्यथा. “अरे, यात राजकारण शोधूनसुद्धा सापडायचे नाही!” मामा म्हणाले.

नेमके तेच कामाला आले. युद्धाला विटलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठावाचा बेत आखला होता. निरनिराळ्या छावण्यांना एकाच वेळी खूण पोचवायची कशी? नभोवाणीवरून. पण खुणेचे गाणे असे हवे, की ते लागले तर कुणाच्या भुवया उंचावू नयेत. स्पर्धेत नुकतेच गायिलेले प्रेमगीत त्याला अगदी चपखल. २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका केंद्रावरून ते लागले. हजारो घरांत ते नुसतेच ऐकले गेले असेल. छावण्यांतल्या काही माणसांनी मात्र कंबर कसली. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी जुझे आफोन्सोचे ‘ग्रांदोला’ लागले. ती दुसरी खूण: आता माघार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कायतानोने सत्ता सोडली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली. गुप्त पोलिसांच्या गोळीबारात चौघांचे प्राण गेले, हेही विसरता येत नाही. पण अर्धशतकाच्या जवळ पोचलेली राजवट एका दिवसात कोसळली.

मामांना या गीताचे अप्रूप का, ते पुढे कळले. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, तरी लिस्बनच्या सरकारने ते कधी मान्य केले नव्हते. नवे सरकार आले आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या तहाने पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

१९७५ साली पोर्तुगालने स्टॉकहोमला जो गायक पाठवला, तो दुआर्ते मेंडिस उठावात भाग घेतलेला लष्करी कप्तान होता! गाणे ‘पहाट’ या अर्थाचे. तो सोळावा आला.

पहिला क्रमांक मिळायला २०१७ साल उजाडावे लागले. पहिल्या गाण्यानंतर त्रेपन्न वर्षांनी. साल्वादोर सोब्राल हा हृदयविकाराने जर्जर झालेला तरुण कीव्ह शहरी उभा राहिला. गाणे त्याच्या बहिणीने, लुईझाने, रचलेले. प्रकृतीमुळे तो तेथे उशिरा पोचला, म्हणून सुरुवातीच्या तालमी तिनेच गाऊन निभावल्या. ना नाच, ना झगमगाट. मायबोलीत हळू आवाजातले एक गाणे. गुण पडले ७५८, तोवरचा उच्चांक! त्याच डिसेंबरात त्याच्यावर हृदयरोपणाची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या मे महिन्यात लिस्बनला भरलेल्या स्पर्धेत तो पुन्हा गायला.

मी दोन्ही गीते मामांना ऐकवली. ७५८ गुणांचे त्यांना आवडले. तीन गुणांचे मात्र त्यांनी दुसऱ्यांदा लावायला सांगितले.