खेळ थांबावा, वर्ग थांबू नये!
राउटरच्या फायरवॉलचा घरगुती वापर

प्रतिनिधी

घरात वेगवान इंटरनेट आले की त्यापाठोपाठ ऑनलाइन गेमही येतात. परीक्षा तोंडावर आली असताना मुले मध्यरात्रीपर्यंत खेळत बसली, की वैतागलेले पालक थेट राउटरचे बटण बंद करतात. त्यामुळे खेळ थांबतो खरा. पण त्याचबरोबर आईचे कार्यालयीन काम, ताईचा ऑनलाइन वर्ग आणि आजोबांची मालिकाही बंद पडते. साऱ्या घराचे इंटरनेट न तोडता केवळ गेमची वाहतूक अडवता येईल का? काही अंशी नक्कीच येईल. त्यासाठी लागणारे साधन, म्हणजे फायरवॉल, बहुतेक राउटरमध्ये आधीपासूनच असते. मात्र ते काय करू शकते आणि काय नाही, हे आधी समजून घेतलेले बरे.

फाटकावरचा पहारेकरी

फायरवॉल म्हणजे सोसायटीच्या फाटकावरील पहारेकरीच. इंटरनेटवरून जाणारी-येणारी माहिती छोट्या छोट्या पाकिटांत विभागलेली असते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि 'पोर्ट' नावाचा दाराचा क्रमांकही असतो. हे क्रमांक ० ते ६५५३५ पर्यंत असतात. फायरवॉल पाकीट उघडून आतला मजकूर वाचत नाही. पत्ता आणि दार पाहून सोडायचे की अडवायचे, एवढेच ठरवते.

घरगुती राउटरचा पहारेकरी मुळात बाहेरच्या आगंतुकांना रोखण्यासाठी नेमलेला असतो. आतून बाहेर जाणाऱ्याला तो सहसा हटकत नाही. गेमची सुरुवात घरातल्या यंत्रावरून होत असल्याने ती बिनबोभाट पार पडते. म्हणूनच गेम अडवायचा तर 'बाहेर जाणाऱ्या' वाहतुकीसाठी वेगळा नियम लिहावा लागतो. कोणते यंत्र, कोणते पोर्ट आणि कोणती वेळ, हे त्यात नमूद करायचे असते.

क्रमांकांचे गणित

काही खेळांची दारे ठरलेली आहेत. 'माइनक्राफ्ट'च्या संगणकावरील जावा आवृत्तीचा सर्व्हर सहसा २५५६५ या पोर्टवर, तर मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीचा १९१३२ वर असतो. एक्सबॉक्सचे जाळे ३०७४ क्रमांक वापरते. अशी दारे बंद करणे तुलनेने सोपे असते.

अडचण येते ती सामायिक दारांची. प्लेस्टेशन ३४७८ हे पोर्ट वापरते. पण गूगल मीट आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स यांचे आवाज व चित्र वाहून नेण्यासाठीही तेच पोर्ट वापरले जाते. घरातील सर्व यंत्रांसाठी ते बंद केले, तर खेळाबरोबर वर्गालाही फटका बसू शकतो. 'रोब्लॉक्स' ४९१५२ ते ६५५३५ हा पट्टा वापरते. हा एकूण क्रमांकांचा चौथा हिस्सा झाला. तो सरसकट बंद केल्यास इतर सेवाही अडखळू शकतात. शिवाय अनेक गेमचे लॉगिन आणि मोबाइलवरील कित्येक खेळ ४४३ या पोर्टवरून चालतात. बँकेचे आणि वृत्तपत्राचे संकेतस्थळही याच दाराने येते. ते बंद करणे म्हणजे जवळपास सारे इंटरनेटच बंद करणे होय. थोडक्यात, फायरवॉलला खेळ कळत नाही. तिला दार कळते.

यंत्र निवडा, वेळ ठरवा

त्यामुळे एकेका गेमचा पाठलाग करण्यापेक्षा ठरावीक यंत्राला ठरावीक वेळी रोखणे अधिक परिणामकारक ठरते. त्याची पद्धत अशी :

१) ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाइप करा. तो अनेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो व राउटरखालील चिठ्ठीवर छापलेला असतो.

२) सर्वप्रथम राउटरचा मूळ पासवर्ड बदला. चिठ्ठीवरचा पासवर्ड मुलांनाही वाचता येतो.

३) जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून मुलांचा फोन, संगणक वा गेमचे यंत्र ओळखा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून पुढचे फोन आपला खरा मॅक पत्ता लपवून दुसराच दाखवू शकतात. घरच्या वाय-फायपुरती ही सोय फोनमधून बंद करा. अन्यथा नियम भलत्याच पत्त्यावर लागेल.

४) 'पेरेंटल कंट्रोल' किंवा 'अ‍ॅक्सेस शेड्यूल' या विभागात त्या यंत्रासाठी वेळ ठरवा, उदाहरणार्थ, रात्री १० ते सकाळी ६. राउटरचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे ना, हेही तपासा.

५) पोर्टचे नियम लिहिलेच, तर ते आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या दोन्ही पत्तापद्धतींसाठी लिहा. एकच फाटक बंद केले, तर खेळ दुसऱ्याने निघून जाईल.

६) शेवटी गेम आणि ऑनलाइन वर्ग दोन्ही सुरू करून पाहा. काही राउटरमध्ये नियम लागू झाल्यावरही आधीपासून सुरू असलेला खेळ लगेच तुटत नाही.

पळवाटा अनेक

हा बंदोबस्त अभेद्य मात्र नाही. फोनमधील मोबाइल डेटा किंवा मित्राचा हॉटस्पॉट घरच्या राउटरला वळसा घालतो. व्हीपीएन घेतल्यास पाकिटावर गेमऐवजी भलताच पत्ता आणि दार दिसते. राउटरमागील रीसेटचे बटण दाबून धरले की सारे नियम पुसले जाऊ शकतात. आणि जो खेळ इंटरनेटविनाच चालतो, त्यापुढे फायरवॉलचा इलाज नाही.

पैशांच्या खेळांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेमना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. परंतु बुद्धिबळाचा डाव कोणता आणि पैशांचा कोणता, हे राउटरला समजत नाही. तेथे पालकांनी बँक खात्यावरील व यूपीआयच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणेच श्रेयस्कर.

नियम घराचा हवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जानेवारी २०२२ पासून 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. अर्थात प्रत्येक खेळणारे मूल आजारी नसते. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळालाच प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे होत. निदानासाठी ती साधारणतः वर्षभर दिसावी लागतात. अशी चिन्हे दिसू लागल्यास राउटरशी झटापट करण्याऐवजी समुपदेशक वा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

उरलेल्या घरांसाठी फायरवॉल हे उपयुक्त घड्याळ आहे. वेळ मुलांशी बोलून ठरवावी, सुट्टीच्या दिवशी थोडी सैल करावी आणि नियम लावल्याचे त्यांना सांगावे. चोरून लावलेले कुलूप मुलांना ते उघडण्याची युक्ती शिकवते. सर्वांनी मिळून ठरवलेली वेळ मात्र पाळली जाण्याची शक्यता अधिक असते, आणि दहा वाजता खेळ बंद झाला तरी त्यावरून रोज भांडण होत नाही.