दगड पचत नाही तेव्हा

सिंगापूरच्या चांगी धक्क्यावर बारा माणसं जमली की होडी सुटते आणि दहा-पंधरा मिनिटांत पुलाउ उबीनला टेकते. भाड्याच्या सायकलीवरून बेट हिंडणाऱ्यांना पेकान आणि केताम इथली हिरवट पाण्याची तळी फार आवडतात. ही तळी म्हणजे ग्रॅनाइटच्या जुन्या खाणी. पेद्रा ब्रांकाच्या खडकावर १८५१ मध्ये उभं राहिलेलं हॉर्सबर्ग दीपगृह उबीनच्या दगडाचं. सिंगापूरला जोहोरशी जोडणाऱ्या, १९२४ मध्ये खुल्या झालेल्या कॉजवेलाही इथला दगड गेला. बेटावरची शेवटची खाण १९९९ मध्ये बंद पडली.

सिंगापूरच्या ग्रॅनाइट खाणकामगारांना होणारा सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने जडणारा फुप्फुसाचा आजार, मात्र खाणीबरोबर संपला नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका अभ्यासात, खाणकाम सुटल्यानंतरही काही रुग्णांच्या क्ष-किरण चित्रातले डाग वाढत गेलेले दिसले. धूळ थांबली, मग आजार का थांबत नाही?

उत्तर वायुकोशांत पहारा देणाऱ्या भक्षक पेशींपाशी आहे. सुरुंग, ड्रिल आणि क्रशर यांतून उडणाऱ्या धुळीतले जाडे कण नाकात, घशात अडकतात. पाच मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशात उतरतात. तिथे भक्षक पेशी त्यांना जंतूसारखं गिळते आणि लयकारिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशवीच्या, पाचकरसात टाकते. जंतू विरघळतो. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ म्हणजे स्फटिकरूप सिलिका. तो विरघळत तर नाहीच, उलट लयकारिकेचं आवरण फोडतो. आतले पाचकरस पेशीतच सांडतात आणि एनएलआरपी-३ नावाची प्रथिनांची धोक्याची घंटा वाजू लागते. सिलिकाने ही घंटा वाजते, हे २००८ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवलं. त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडतं, दाह पेटतो, मदतीला आणखी पेशी धावतात.

पुढचा भाग मला सगळ्यात क्रूर वाटतो. गिळणारी पेशी मरते, पण स्फटिक जसाच्या तसा मोकळा होतो. त्याला दुसरी पेशी गिळते, तीही मरते, मग तिसरी. बाहेरून नवा कण न येताही हे वर्षानुवर्षं चालू राहतं. प्रत्येक फेरीत तंतू विणणाऱ्या पेशींना निरोप जातो की इथे जखम आहे, भरा. त्या कोलॅजेन घालत राहतात आणि दोन्ही फुप्फुसांत, विशेषतः वरच्या भागात, कडक गाठी पसरतात. फुप्फुस ताठर होतं. जिना चढताना धाप लागते. या गाठी विरघळवणारं औषध आजही नाही. त्यात क्षयाच्या जंतूशी लढायचं कामही याच भक्षक पेशींचं. त्या अशा जायबंदी झाल्यावर क्षयाला मोकळं रान मिळतं, आणि आपल्या देशात क्षय काही दूर नसतो.

आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये मुक्त सिलिका फारच कमी. म्हणून काळा दगड फोडणाऱ्याला ग्रॅनाइटवाल्याइतका सिलिकोसिसचा धोका नसतो, धुळीचे बाकीचे त्रास असले तरी. पण महाराष्ट्र म्हणजे नुसता बेसॉल्ट नव्हे. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरातून सिलिका वाळूच काढली जाते.

आणि ग्रॅनाइट तर आता घराघरांत पोचलाय. स्वयंपाकघराचा ओटा बसवताना कारागीर बाल्कनीत बसून कटर चालवतो, पांढरा लोट उठतो, आणि त्याच्या तोंडावर फार तर रुमाल असतो. एवढे बारीक कण रुमालाने अडत नाहीत. शिवाय नुकत्याच फुटलेल्या स्फटिकाचा पृष्ठभाग जुन्या धुळीपेक्षा जास्त घातक असतो. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांत सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. तरुण कारागीर आजारी पडू लागले तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा फरश्यांवर बंदीच घातली. आपल्याकडे निदान कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडली, तर बरीचशी धूळ हवेत उडण्याआधीच चिखल होऊन खाली बसते. बाल्कनी घाण होते म्हणून ती धार बंद करायला सांगतात ते बहुधा घरमालकच.