गुहेत शिरताय? आधी उजेडाचं बघा

ज्यांना एसटीत बसून भाग ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी आजच्या गप्पा लिहून देतोय.

दोन वर्षांपूर्वी बारा वर्षांच्या मामेभावाला घेऊन मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर गेलो होतो. कोरीव गुहामंदिर बघून झालं आणि उत्साहाच्या भरात पुढच्या एका कपारीत शिरलो. उजेडाला फक्त माझा फोन. चार्जिंग संपत आलं तसा फोननं फ्लॅशच बंद केला. भाऊ माझा शर्ट घट्ट धरून म्हणतोय, "दादा, लाईट लाव ना." भिंत चाचपत बाहेर आलो. पाय मुरगळला असता तर कुणाला फोन लावायलाही चार्जिंग नव्हतं. म्हणून पहिला नियम: फोन हा फोन आहे, टॉर्च नाही.

मग घ्यायचं काय? हेडलॅम्प. दोन्ही हात मोकळे राहतात. शिवाय जगभरातले गुहा फिरणारे एक नियम पाळतात: माणशी तीन वेगवेगळे दिवे. एक डोक्यावर, दुसरा खिशात, तिसरा बॅगेत. पहिला बंद पडला की दुसरा लावायचा आणि मागं फिरायचं. पुढं जायचं नाही.

आता लुमेन, म्हणजे एकूण प्रकाश किती ते. आपल्याकडच्या छोट्या गुहांना २०० ते ३०० लुमेन भरपूर झाले. चालताना त्याहून कमी मोडही पुरतो. दोन-तीनशे रुपयांच्या टॉर्चवर 'दहा हजार लुमेन' लिहिलेलं दिसलं तर सरळ पुढच्या दुकानात जा.

'४० तास चालतो' यातही गोम आहे. एफएल-१ या मानकात प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे शेवटचे काही तास उजेड नावालाच.

सेलचं काय? १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल. चांगल्या कंपनीचा सेल साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असतो. त्यावर '९९००' छापलं असेल तर तो बनावट समजा. दुसरा दिवा मात्र साध्या ट्रिपल-ए सेलवर चालणारा ठेवा. ते गावातल्या किराणा दुकानातही मिळतात.

पावसाळ्यात आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतात. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो.

एक युक्ती सांगतो. कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात साठाहून जास्त बौद्ध लेणी आहेत, तिथं पाण्याची टाकीही कोरलेली आहेत. हेडलॅम्प डोळ्यांजवळ असल्यानं सावल्या दिसत नाहीत, खड्डा सपाट वाटतो. हातातला टॉर्च कमरेजवळ धरून तिरका मारा, खोली लगेच कळते. भिंतीवरचं झिजलेलं कोरीवकामही असंच उठून दिसतं.

आणि वटवाघळं दिसली तर दिवा खाली करा आणि बाहेर या. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. त्यातल्या काहींत निपाहविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. घाबरू नका, पण त्यांच्या घरात घुसूही नका.

शेवटचं. नवा दिवा घेतला की पूर्ण चार्ज करून रात्री घरातच लावून ठेवा. दर तासाला उजेड बघा, हलवून बघा. तो किती वेळ खरा टिकतो ते वहीत लिहा, आणि त्याच्या निम्म्या वेळातच गुहेबाहेर या.

मामेभाऊ आता पुन्हा चल म्हणतोय. या वेळी त्याच्याकडं त्याचे स्वतःचे तीन दिवे आहेत.