व्यक्तिचित्र-विक्रेता

जुनी, विशेषतः ब्रिटिश चित्रकारांची व्यक्तिचित्रे पारखून त्यांचा क्रयविक्रय करणारा व्यावसायिक. चित्रित व्यक्ती, चित्रकार व मालकीची परंपरा निश्चित करणे हे त्याचे मुख्य कार्य. मूल्य त्यावरच ठरते. केवळ चित्रकाराचे नाव पुरेसे नसते. सवाई माधवरावांच्या दरबारातील १७९० च्या तहाचे टॉमस डॅन्येलकृत चित्र (१८०५, टेट संग्रह, लंडन) पाहता हे स्पष्ट होते. तहप्रसंगी डॅन्येल उपस्थित नव्हता; जेम्स वेल्स (१७४७–९५) याने नंतर पुण्यात केलेल्या अभ्यासचित्रांचा त्याने आधार घेतला. चुकीच्या नामनिर्देशाने ग्राहक फसतोच, शिवाय इतिहासातील चेहराही बदलतो. भारतात १९७२ च्या कायद्यान्वये किमान १०० वर्षे जुन्या चित्रांच्या व्यापारास परवाना लागतो. खाजगी व्यक्तींना ती निर्यात करता येत नाहीत.