तापलेली गाडी चालू होईना, तेव्हा…



आमच्या बचत गटाचे पापड-मसाले एका ताईंच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीतून, म्हणजे आपल्या फियाटमधून, बाजाराला जातात. सकाळी गाडी लगेच सुरू होते. पण गेल्या उन्हाळ्यात बाजारात दहा मिनिटं थांबवली आणि मग चालूच होईना. ताई अॅक्सिलरेटर दाबत राहिल्या, सेल्फ मारत राहिल्या. शेवटी बॅटरी उतरली आणि पुढच्या गावची ऑर्डर हुकली.

मेकॅनिकदादांनी समजावलं ते असं. चालत्या गाडीत पंख्याचा वारा लागतो, रेडिएटरचं पाणी फिरतं. गाडी बंद केली की दोन्ही थांबतं. चूल विझवली तरी तवा तापलेलाच राहतो ना, तसंच. इंजिनाची धग कार्ब्युरेटरला लागते. त्याच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात उतरतं. पेट्रोल जास्त आणि हवा कमी, मग गाडी पेटणार कशी? त्यात दर वेळी अॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोलची आणखी एक पिचकारी आत जाते!

म्हणून आधी वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर चोक पूर्ण बंद ठेवा. अॅक्सिलरेटर हळूहळू तळापर्यंत दाबा आणि तसाच धरून ठेवा. वरखाली करू नका. पाच-सात सेकंद सेल्फ मारा. गाडी पेटली की पाय हळूच उचला. नाही पेटली तर थोडं थांबून पुन्हा करा.

वास नसेल तर पेट्रोलची नळी किंवा इंजिनाजवळचा छोटा पंप तापून आत वाफ झालेली असू शकते. बॉनेट उघडून वीसेक मिनिटं थांबा. नळीवर, पंपावर ओलं फडकं ठेवा. तरीही चालू होत नसेल तर तापलेली कॉइल ठिणगी देत नसेल. ते काम मेकॅनिकचं.

सेल्फच जड फिरत असेल तर बॅटरीच्या तारा सैल आहेत का, गंज चढलाय का, ते बघून घ्या.

पेट्रोलचा वास असताना जवळ विडी-काडी नको. कार्ब्युरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतू नका. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

हे वारंवार होत असेल तर मेकॅनिकला सांगून कार्ब्युरेटरची सुई, फ्लोट आणि खालचं उष्णता अडवणारं पॅकिंग तपासून घ्या.

आता ताई घाई करत नाहीत. आधी वास, मग सेल्फ. त्यानंतर आमची एकही ऑर्डर हुकली नाही.