विटांच्या बाहेरील भिंतींची सफाई व निगा

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव नागपूर-अमरावती रस्त्यावर वसलेले आहे. भोवताली काळी कसदार जमीन, कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा. या टापूतील जुनी घरे मातीच्या भिंतींची व कवेलूंच्या छपराची होती. आता त्यांची जागा विटांची घरे घेत आहेत. 2016 साली प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाल्यापासून तर लहान कास्तकार व मजूर यांचीही विटांची घरे उभी राहिली. यांपैकी पुष्कळ घरांना आतून गिलावा असतो, परंतु बाहेरची भिंत पैशाअभावी तशीच उघडी राहते. चार-पाच पावसाळे गेले की जोत्यालगतच्या विटांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते, दरजांतील माल झडतो, विटेचा पापुद्रा निघतो, आणि घरधनी म्हणतो, “वीटच खराब निघाली.”

काही वेळा वीट खरोखरच खराब असते. परंतु बहुतेक ठिकाणी दोष विटेचा नसून पाण्याचा, आणि पाण्यास वाट करून देणाऱ्या माणसाचा असतो.

पक्के घर बांधले म्हणजे निगा संपली, असा एक समज खेड्यांतून रूढ आहे. मातीच्या घराची स्थिती उलट होती. त्यास दरवर्षी सारवण, लिंपण करावेच लागे आणि ते घरची माणसे न चुकता करीत. सेवाग्राम येथे 1936 पासून उभारलेल्या आश्रमातील कुट्या मातीच्याच आहेत. त्या आजवर टिकल्या त्या सततच्या डागडुजीने. दुसऱ्या बाजूस धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर शतकानुशतके उभे आहे, आणि रामटेकजवळ मनसर येथे वाकाटककालीन विटांचे बांधकाम उत्खननात निघाले आहे. तेव्हा वीट टिकत नाही असे म्हणण्यास आधार नाही.

लोणा कशाने लागतो

भाजलेली वीट ही स्पंजासारखी सच्छिद्र असते. जमिनीतील ओल तिच्यातून वर चढते. या पाण्यात मातीतील, मालातील वा खुद्द विटेतील क्षार विरघळलेले असतात. उन्हाने पाणी बाहेरच्या अंगाने उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात व त्यांचे स्फटिक बनतात. हे स्फटिक विटेच्या पृष्ठावर बनले तर केवळ पांढरी पूड दिसते. तेवढ्याने भिंतीची फारशी हानी होत नाही. परंतु ते पृष्ठाच्या आत, छिद्रांमध्ये बनू लागले म्हणजे वाढताना विटेस आतून रेटा देतात आणि पापुद्रे सुटतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. म्हणून पांढरी पूड ही सूचना समजावी, आणि पापुद्रे हा रोग समजावा.

शेतकऱ्याच्या घरी या क्षारांचे आणखी दोन उगम असतात, आणि शहरी गवंड्याच्या ते सहसा ध्यानात येत नाहीत. पहिला गोठा, म्हणजे आमच्याकडील कोठा. जनावरांचे मूत्र जमिनीत मुरते, त्यातील नत्राचे जमिनीतील सूक्ष्म जीवांमुळे नायट्रेट बनते व ते भिंतीत चढते. जुन्या काळी सोरा अशाच जागांच्या मातीतून काढीत असत, यावरून याचे प्रमाण लक्षात येईल. घराला लागून कोठा असेल तर मधल्या भिंतीचा लोणा कितीही खरवडला तरी जात नाही. कोठ्याच्या जमिनीला भिंतीपासून दूर उतार द्यावा, मूत्र नालीने खड्ड्यात न्यावे. तेथे ते खताच्या कामी येईल. भिंतीत ते केवळ नासाडी करते. दुसरा उगम खतांच्या पोत्यांचा. युरिया व पोटॅशची पोती भिंतीला टेकवून ठेवली की फुटक्या पोत्यातील खत हवेतील ओलीने विरघळते व विटेत शिरते. पोती फळीवर, भिंतीपासून निदान एक फूट दूर ठेवावीत. धान्याचे पोते व कापूसही ओल्या भिंतीला लावू नये. पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला एका कोपऱ्याची ओल पुरते, हे कास्तकारास सांगण्याची गरज नाही. बाहेरच्या भिंतीची चिंता करावयाची ती मुख्यतः यासाठी.

उकिरडा भिंतीलगत नसावा हेही ओघाने आलेच.

विटेची परीक्षा

नवे बांधकाम करणाऱ्यांनी वीट घेतानाच थोडी काळजी घेतली तर पुढचे पुष्कळ कष्ट वाचतात. चांगली भाजलेली वीट एकमेकींवर आपटली असता खणखणीत आवाज देते व नखाने तिच्यावर ओरखडा उठत नाही. पिवळट, कच्ची वीट बाहेरच्या भिंतीस मुळीच वापरू नये. काही विटा वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवाव्यात व पुन्हा तोलाव्यात. 3 किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या वर गेली, म्हणजे तिने 20 टक्क्यांहून अधिक पाणी शोषले, तर ती नाकारावी. क्षारांची परीक्षाही घरी करता येते. उथळ थाळीत सुमारे एक इंच पावसाचे साठविलेले पाणी घेऊन वीट त्यात उभी करावी. पाणी आटू द्यावे, पुन्हा तेवढेच घालून आटू द्यावे. पृष्ठाचा दहावा हिस्सा पांढरा झाला तर चालेल, निम्म्याहून अधिक झाला तर त्या भट्टीची वीट घेऊ नये. विहिरीचे पाणी या परीक्षेस चालत नाही, कारण त्यात स्वतःचेच क्षार असतात.

काळ्या जमिनीच्या मुलखात आणखी एक खोड आढळते. मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भट्टीत ते भाजून त्यांचा कळीचा चुना होतो आणि पुढे पावसाची ओल लागताच ते फुगून विटेचा कपचा उडवितात. उडालेल्या खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला तर हेच कारण समजावे. हा लोणा नव्हे, आणि तो पसरत नाही. अशी एखाद-दुसरी वीट काढून बदलली की काम झाले.

आधी ओलीचे मूळ शोधावे

दिवाळीनंतर, पाऊस सरला म्हणजे, घराभोवती एक फेरी मारावी. डाग जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सर्वत्र सारखा असेल तर ओल पायातून चढते आहे. डाग वरून खाली ओघळला असेल तर वळचण आखूड आहे, कवेलू सरकला आहे किंवा कठड्याची भेग उघडी आहे. एकाच जागी गोल डाग असेल तर नळ अथवा न्हाणीघराची मोरी तपासावी. पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या भिंतीवर पावसाचा मारा अधिक असतो, म्हणून ती प्रथम पाहावी.

पायाची ओल वाढण्यास अलीकडे एक नवे कारण झाले आहे. गावातील गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो. काही वर्षांनी जुना न उकरता त्यावरच नवा थर पडतो. रस्ता वर येतो आणि घराचे जोते त्यात बुडते. जोत्यावर घातलेला ओल अडविणारा थर जमिनीच्या खाली गेला की त्याचा उपयोग संपला. पाणी रस्त्यावरून सरळ भिंतीकडे वळते. एकट्या घरधन्याच्या हाती याचा उपाय नाही. रस्त्याचे काम मंजूर होतानाच ग्रामसभेत जोत्यांच्या उंचीचा व नालीचा प्रश्न काढला पाहिजे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. काम होऊन गेल्यावर तक्रारीला अर्थ उरत नाही.

घरधन्याने आपल्या बाजूने भिंतीला लागलेली माती काढून जोते मोकळे करावे, आणि भोवती दोन ते तीन फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायालगतची माती एकदा ओली, एकदा कोरडी होत राहिली तर खिडकीच्या कोपऱ्यातून पायरीपायरीने भेग वर जाते. फरसबंदीने हा चढउतार कमी होतो. अशी भेग दिसताच ती बुजविण्याची घाई करू नये. भेगेच्या दोन्ही कडांवर पेन्सिलीने खुणा करून त्यांमधील अंतर व तारीख लिहून ठेवावी, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा पाहावे. अंतर वाढतच असेल तर जाणत्या अभियंत्यास दाखवावे.

सफाईची रीत

लोणा धुऊ नये. पाण्याने क्षार विरघळतात आणि पुन्हा विटेत शिरतात. धुणाऱ्यास मात्र भिंत स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते. हिवाळ्यातील कोरड्या हवेत काथ्याच्या ताठ ब्रशाने भिंत कोरडीच झाडावी. खाली पडलेली पूड गोळा करून दूर टाकावी. ती भिंतीच्या बुडाशी राहिली तर पहिल्याच पावसात परत चढेल. काही दिवसांनी पूड पुन्हा दिसेल, पुन्हा झाडावे. ओलीचे मूळ बंद झाले असेल तर ती दर खेपेस कमी होत जाते.

धूळ, काजळी व साधा मळ यांना साधे पाणी पुरते. तळेगावसारख्या वाहत्या रस्त्यावरील गावात दर्शनी भिंतींवर गाड्यांचा धूर व धूळ बसते. प्रथम भिंत खालून वर ओली करावी, म्हणजे वरून ओघळणारे मळके पाणी कोरड्या विटेत शोषले जात नाही. नंतर मऊ ब्रशाने घासून वरून खाली थोड्या पाण्याने धुवावी. तारेचा ब्रश वापरू नये. त्याने विटेचे भाजलेले कठीण पृष्ठ जाते आणि तुटलेल्या तारांचे गंजाचे डाग पडतात. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही दरजा उखडतात. धुण्याचा सोडा वापरणे म्हणजे आपल्या हाताने भिंतीत क्षार भरणे होय.

फरशी धुण्यासाठी दुकानांतून मिळणारे ॲसिड भिंतीवर ओतण्याची चाल पडली आहे. आमच्या मते खेड्यातील घरांस ते वापरूच नये. दरजेतील चुना त्याने विरघळतो, आणि मागे नवे क्षार राहतात. याहून गंभीर गोष्ट अशी की ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरिन हा विषारी वायू निघतो. विहिरीच्या पाण्यासाठी ब्लीचिंग पावडर गावोगाव असते, शेवाळावरही ती लावतात. तेव्हा दोन्ही वस्तू एका भिंतीवर, एका बादलीत किंवा एका दिवशी कधीही वापरू नयेत.

शेवाळ लाकडी पट्टीने खरवडावे. भिंतीवर सावली धरणारी फांदी छाटून ऊन येऊ दिले की ते सहसा पुन्हा धरत नाही. पिंपळाचे व उंबराचे रोप मात्र पहिल्याच पावसाळ्यात, मुळासकट उपटावे. मूळ दरजेत खोल गेले असेल तर ओढाताण न करता वर छाटावे, भोवतीच्या विटा मोकळ्या करून मूळ काढावे व तो भाग नव्याने बांधावा. नुसते छाटलेले रोप पुढील वर्षी अधिक जोमाने येते.

रस्त्याकडील भिंती बियाण्यांच्या, सिमेंटच्या व निवडणुकीच्या जाहिरातींस देण्याची प्रथाही आहे. तेलरंगाने विटेची छिद्रे बुजतात, आतील ओल कोंडते आणि रंगासह पापुद्रा सुटतो. भिंत देण्यापूर्वी याचा विचार करावा.

दरजा भरणे

झडलेल्या दरजा भरणे हे खरे डागडुजीचे काम होय. दरजेतील सैल माल सुमारे पाऊण इंच खोलवर काढावा. छिन्नीने विटेची कड फोडू नये. धूळ झाडून दरज भिजवावी व नंतर माल घट्ट दाबून भरावा. येथे गवंड्याशी थोडा वाद घालावा लागतो. त्यास सिमेंटचा कडक माल आवडतो, कारण तो लवकर धरतो. परंतु दरज विटेहून कठीण झाली की ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही; ती विटेतून पडते, आणि मग दरजांची जाळी शाबूत राहून मधली वीट खाल्ली जाते. माल नेहमी विटेपेक्षा मऊ असावा. जुन्या चुन्याच्या बांधकामास 1 भाग विरवलेला चुना व 3 भाग धुतलेली वाळू, हवी तर थोडी सुर्खी घालून, योग्य होय. अलीकडच्या मध्यम प्रतीच्या विटांस 1 भाग सिमेंट, 1 भाग चुना व 6 भाग वाळू हे प्रमाण ठेवावे. कळीचा चुना विरवताना तो उकळतो व उडतो. मुलांना दूर ठेवावे, डोळ्यांवर चष्मा घालावा, आणि चुना पाण्यात टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये.

दरज विटेच्या सपाटीस किंवा किंचित आत, करणीने गुळगुळीत ओढावी. बाहेर आलेली उठावदार दरज देखणी दिसते, पण तिच्या माथ्यावर पाणी थांबते. काम झाल्यावर सात ते दहा दिवस भिंत ओलसर ठेवावी. यासाठी दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. मे महिन्याच्या उन्हात भरलेली दरज धरण्यापूर्वीच सुकते.

मातीच्या मालात बांधलेल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविल्यास ओल आतच कोंडते व एखाद्या पावसाळ्यानंतर गिलावा पत्र्यासारखा सुटतो. तेथे चुन्याचा गिलावा द्यावा, किंवा दरजा भरून चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. पाणी न लागू देणारी म्हणून विकली जाणारी औषधे कोरड्या, लोणा नसलेल्या भिंतीवरच लावावीत. ओल्या भिंतीवर ती लावल्यास क्षार त्या थराच्या मागे साठतात आणि दोन वर्षांत जी वीट झडली असती ती एकाच वर्षात झडते.